धनीबाईचा बारावा तास

माझं नाव पितांबर. गाव शिंदखेडा, वय एकाहत्तर, आणि बोलतो त्यातलं निम्मं खोटं. हे शेवटचं मी आधीच सांगून टाकतो, कारण रावेर तालुक्यात ते लहानथोरांना ठाऊक आहे आणि तुम्हाला मागाहून कळलं तर उगाच वाईट वाटेल.

धुळ्याच्या एका सूतगिरणीत मी तीस वर्षं टाइमकीपर होतो. तिथलं घड्याळ इतकं मागे चालायचं की मी निवृत्त झालो त्या दिवशी गिरणीच्या हिशेबाने माझं लग्न अजून व्हायचं होतं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, मग मला अजून विचार करायला वेळ आहे.

ती गेल्यावर मी मुलीकडे रावेरला आलो. घरात बसून जावयाला गोष्टी सांगायचो. दोन महिन्यांत जावयाने हात जोडले आणि पंडितनानांच्या केळीच्या शेडवर मला हजेरी मांडायचं काम मिळवून दिलं. तेव्हापासून रोज सकाळी आठला गेटाशी टेबल, त्यावर वही, आणि वहीमागे मी.

आता खरं सांगतो. जिभेवर माझा ताबा नाही, पण हजेरीच्या वहीत मी आयुष्यात एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. गिरणीत नाही, इथे नाही. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. कुणाचं बोट कापलं, कुणाला ताप होता, कुणाची जीप बंद पडली. माणसाच्या दिवसाची एवढीच नोंद कुठेतरी राहते, तिच्यात भर घालायला माझं मन होत नाही.

नानांची शेड तशी मोठी. शेतातून ट्रॅक्टरवर घड येतात. त्यांच्या फण्या सोडवायच्या, हौदात धुऊन चीक काढायचा, पुसायच्या आणि तेरा किलोच्या खोक्यात अशा बसवायच्या की आखातात खोकं उघडणाऱ्याला वाटावं, केळी झाडावर अशीच चौकोनी उगवतात. एका टेबलावर सहा बायका. प्रत्येकीचा एक आकडा, आणि भरलेल्या खोक्यावर त्या आकड्याचा शिक्का. खोकं खराब निघालं तर कुणाचं ते कळावं म्हणून. यंदाच्या होळीला नानांनी साधा नियम लावला, तासाला पंधरा खोकी. आठवडाभर जी पंधराच्या खाली राहिली तिने पुढच्या सोमवारी यायचं नाही. होळीनंतर दोघींना मी स्वतः गेटवरून परत पाठवलं होतं. नियम नानांचा, तोंड माझं.

दुसऱ्या टेबलावर सहा नंबरचा शिक्का धनीबाईचा होता. पाल गावाच्या वर डोंगराला टेकलेला एक पाडा आहे, तिथली ती. आधार कार्डावर वय पन्नास, पण ते कार्डवाल्याने सकाळी घाईत लिहिलं असावं, बाई साठीच्या पुढची. नवरा नाही. मुलगा रोहिदास सुरतेला, दिवाळीला येतो. दोन एकर कोरडवाहू, तिचं पिकणं पावसाच्या मनावर. शेडचं काम गेलं असतं तर तिला पोट भरायची पंचाईत झालीच असती, पण त्याहून मोठी पंचाईत म्हणजे दिवसभर पाड्यावर एकटीने कोंबड्यांशी बोलत बसायचं. हे ती मला एकदा स्वतःच म्हणाली होती. घरी पावरी बोलायची, आमच्याशी अहिराणीत.

एप्रिलमध्ये मोठी मागणी आली आणि पाचला सुटणारी शेड आठला सुटायला लागली. बारा तास. जादा तासांचे जादा पैसे मिळत होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार बोटांची होती. धनीबाईची बोटं आधीच वाकलेली. तिचा खरा वेग तासाला नऊ खोकी, संध्याकाळी सहानंतर चार.

होळीनंतर त्या दोघी गेल्यापासून या टेबलावर एक गोष्ट सुरू झाली होती. त्या डोंगरातल्या लोकांत लाहा म्हणून रीत आहे. एखाद्याचं शेत मागे राहिलं की सगळा पाडा जाऊन हात लावतो, आणि कुणी किती केलं ते कुणी विचारत नाही. त्या टेबलावर सहापैकी पाच बायका त्याच भागातल्या. त्यांनी काय केलं, तर स्वतः भरलेल्या खोक्यांपैकी काहींवर धनीबाईचा शिक्का मारायला लागल्या. ललिता म्हणून बारावी शिकलेली एक मुलगी त्यांच्यात होती, ती बोटांवर मोजायची. धनीबाईची पंधरा झाली की थांबायचं. तासाला पंधरा, ना चौदा, ना सोळा. पाचनंतरच्या जादा तासांना नियम नव्हता, तरी तिचं मोजणं थांबलं नाही. पहिल्या तासाला सहा खोकी द्यावी लागत, बाराव्या तासाला अकरा. सहावी, मंदाबाई, रावेर गावातली. तिला ही रीत कुणी शिकवली नव्हती, पण आठवड्याभरात तीही शिक्का उचलू लागली.

मला सगळं दिसत होतं. मी काही बोललो नाही. शिक्के माझ्या वहीत येत नव्हते.

मे महिन्याच्या अखेरीला नानांची थोरली लेक दीपमाला घरी आली. जळगावला कॉमर्स, पुण्याला पुढचं शिक्षण, तिथल्याच एका कंपनीत चार वर्षं. आल्या आल्या ती माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.

"आबा, आपल्या शीतखोलीची किंमत आपल्या पुस्तकात आहे. दरवर्षी तिचा घसारा धरतो. फोर्कलिफ्टचाही. आणि ज्यांच्या हातांवर हे सगळं चालतं त्या बायका पुस्तकात कुठे आहेत?"

"कुठे आहेत?"

"मजुरीच्या खर्चात. डिझेलच्या शेजारी."

मला ही पोरगी त्याच क्षणी आवडली. तीस वर्षं गिरणीत काढली, असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मी माणसांची किंमत मांडणार आहे," ती म्हणाली. "कोण किती तास काम करतं, तासागणिक कसं करतं, पुढे किती वर्षं करेल. परदेशी खरेदीदारालाही ते हवं आहे. आणि नानांना ठरवायचं आहे, बारा तास कायमचे करायचे की नाही."

तिने दोन महिन्यांचे सगळे शिक्के लॅपटॉपमध्ये भरले. पहाटे पाचला बसायची, शेड सुटली तरी बसलेली. पंधरा दिवसांनी मला बोलावलं.

"आबा, हा सहा नंबर कोण?"

"धनीबाई."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. सगळ्या बायकांच्या रेघा पाचच्या सुमारास उतरत होत्या, सहानंतर कोसळत होत्या. एकच रेघ सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत आडवी. एवढी सरळ रेघ मी धुळे-शिरपूर रस्त्यावरसुद्धा पाहिली नव्हती.

"साठीची बाई, आणि बाराव्या तासालाही पंधरा," ती म्हणाली. "हे कसं शक्य आहे?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण पंधराच्या खालचा नियम डोळ्यांपुढे आला, गेटावरच्या त्या दोघी आल्या, आणि जीभ तिच्या सवयीने पळाली.

"त्या घराण्यात थकवा नाहीच," मी म्हणालो. "हिचा आजा मी लहानपणी पाहिलाय. ज्वारी कापायला उतरला की दुपारी त्याची सावली दमून निंबाखाली जाऊन बसायची. हा उन्हात बिनसावलीचा कापत राहायचा. संध्याकाळी सावलीला हाताला धरून घरी न्यायचा."

दीपमाला मनापासून हसली. "आबा, तुम्ही पण ना." पण हसता हसता तिने काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं: काटकता, बहुधा घराण्यातच.

ते खोडायला सांगायचं सोडून मी वही उचलून गेटावर गेलो. आठ दिवसांनी त्याचं फळ दिसलं. नानांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना हौदाजवळ जमवलं. नाना रावेरचेच, आवाज मोठा, मन वाईट नाही.

"पाहा बायांनो," ते म्हणाले, "येत्या एक तारखेपासून शेड बाराही महिने बारा तास चालन. आन् पंधराचा नेम शेवटच्या तासाले बी लागू. तुम्ही म्हणाल, जमत नाही. तर ही धनीबाई पाहा. ह्या वयात तिले जमते, तर तुमच्या हाताले काय झालं? दीपमालानं सगळं मोजलं आहे."

बायका धनीबाईकडे पाहू लागल्या. धनीबाई जमिनीकडे. ज्यांनी तिला खोकी दिली त्यांनाच कामचोर ठरवणारं गणित तयार झालं होतं, आणि त्याच्या खालची सही माझ्या गोष्टीची होती.

संध्याकाळी जीपची वाट पाहत बायका माझ्या टेबलापाशी बसल्या.

"आपुनच खड्डा खंदा, आपुनच पडनूत," मंदाबाई म्हणाली. रावेरची असून तिला आता अहिराणीची लागण झाली होती.

"मी मोजत होते ना," ललिता म्हणाली. "एखाद्या तासाला बारा ठेवली असती तर कुणाला कळलं नसतं. मला परीक्षेतसुद्धा एवढे बरोबर मार्क कधी पडले नाहीत."

"आबा, तुम्ही काय सांगितलं तिला?" मंदाबाईने विचारलं.

मी सावलीची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट अशी पडली.

"मना आजा तर कोळसा पाडे," धनीबाई शांतपणे म्हणाली. "ज्वारी त्यानी कधी कापी नही."

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. शिक्के, लाहा, नऊ खोकी, चार खोकी. एक विनंती जोडली, की बारा तास करू नका आणि म्हातारीला काढूही नका. नानांनी चहा मागवला आणि खुर्चीत रेलले.

"आबा, मागच्या महिन्यात तुम्हीच सांगलं, तापीतल्या माशानं तुमची सायकल गिळली आन् घंटी अजून पाण्यात वाजते. मी काही म्हटलं का?"

"ते वेगळं होतं, नाना."

"मंग हे बी वेगळंच असन. काहून म्हातारीचं नाव खराब करता बा? तिचा सत्कार करायचा इचार आहे माझा."

दीपमालाने तरी ऐकून घेतलं. पण तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि फाईल चार दिवसांत पाठवायची होती. "आबा, हजारो शिक्के आहेत. तुमच्या एका गोष्टीवरून मी ते फेकून देऊ?" ती म्हणाली. त्यात चूक काय होतं? मी तिच्या जागी असतो तर मलाही माझा भरवसा वाटला नसता.

मी बाहेर येऊन धनीबाईला सांगितलं की माझ्याने झालं नाही. ती फण्या पुसत होती.

"उद्या मना शिक्का मीच मारसू," ती म्हणाली. "बाईले सांगा, दखाले ये."

"बाई, नऊ खोकी दिसली की सोमवारी तुला गेटवरून मलाच परत पाठवावं लागेल."

"माले माहित शे."

दीपमाला आनंदाने आली. तिला धनीबाईच्या कामाचं चित्रण हवंच होतं, दुसऱ्या शेडांना दाखवायला. तिने मोबाईल तिकाटण्यावर बसवला, लॅपटॉप उघडला आणि सकाळी आठला टेबलाच्या टोकाशी उभी राहिली.

पहिल्या तासाला नऊ खोकी. दुसऱ्याला नऊ. तिसऱ्याला आठ.

"कॅमेऱ्यापुढे लाजत असेल," दीपमाला म्हणाली.

दुपारी सात खोकी. मंदाबाईने एक भरलेलं खोकं हळूच सरकवलं, धनीबाईने कोपराने ते परत ढकललं. पाचला सहा. मधून मधून धनीबाईचा आवाज यायचा. "ललिता, बस वं." की ललिता हौदावरून उठून चिकटपट्टी लावायच्या जागी बसायची आणि तिथली बाई हौदावर जायची. "भिकुबाई, पानी पी ले." की भिकुबाई, त्यांच्यातलीच एक, पाणी प्यायची. हे रोजचंच होतं, इतकं रोजचं की मीही ते ऐकणं सोडून दिलं होतं. दीपमालाने लिहिलं: बोलण्यात वेळ जातो. तेही मी वाकून वाचलं, ती माझी दुसरी वाईट सवय.

साडेसहा झाले. अकरावा तास. दीपमाला सकाळपासून उभीच होती, जेवणही उभ्यानेच. तिने धनीबाईची चार खोकी लिहिताना चव्वेचाळीस लिहिली. खोडली, पुन्हा चव्वेचाळीस लिहिली. चहाचा कप उचलला तर तो बशीवर वाजायला लागला.

धनीबाईने सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले, तिच्याजवळ गेली आणि कप तिच्या हातातून काढून घेतला.

"बस वं माय. तुना हात कापी राह्यना."

"मी ठीक आहे, अक्का."

"ते बठ्ठ्याच सांगतस." सगळ्याच असं सांगतात, हे तिला रोजचं होतं.

ललिताने एक कॅरेट उलटा करून मागे सरकवला. दीपमाला त्यावर बसली, आणि बसल्यावर तिला कळलं की ती किती उभी होती. डोळे मिटून घेतले. धनीबाई तिच्या पुढ्यात जमिनीवर उकिडवी बसली.

"कितला वाजापाइन जागी शे?"

"पहाटे पाच."

"मंग मी सांगस ते उद्या लिखजो. आज तुना हातले काहीच खरं दिसाव नही." ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती. "पंधरा मना कधीच नव्हतात. मना नऊ. ह्या टाइमले चार. बाकीना ह्या पोरीस्नी माले दिन्हात. त्या कामचोर नहीत, बाई. त्या मनं काम करी राह्यन्यात म्हनीसन त्यास्नं कमी दिसस."

तिने हातातला कप बाजूला ठेवला.

"आते माले काढी टाक," धनीबाई म्हणाली. "नेम शे तो शे. पन बारा तास करू नको. ह्या पोरी मोडी जातीन."

दीपमालाने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "आबा, हे खरं आहे?"

"खरं आहे. मी सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलंत म्हणूनच विश्वास बसला नाही."

सात वाजता तिने शेड बंद करायला लावली. नाना काही म्हणायच्या आत बायका जीपमध्ये होत्या.

दुसऱ्या दिवशी ती दहाला आली, झोपून. आल्यावर तिने एकच गोष्ट केली, जी इतके दिवस केली नव्हती. एकेकीची रेघ सोडून दिली आणि टेबलाची बेरीज मांडली. शिक्का कुणाचाही असो, बेरजेला तो फसवू शकत नाही. पहिले आठ तास टेबल नव्वदच्या आसपास. मग उतार, बाराव्या तासाला बावन्न. शिवाय तपासणीत मागे आलेली खोकी, ती बहुतेक पाचनंतरची. शेवटच्या तीन तासांत भरलेल्या खोक्यांपैकी जवळजवळ निम्मी दुसऱ्या सकाळी उघडून पुन्हा भरावी लागत होती, आणि सकाळचा तो वेळ कुणाच्याच खात्यावर नव्हता. सकाळी ताज्या हातांनी जे काम करायचं, ते हात कालची चूक निस्तरत होते. वीज, डिझेल, आणि परतीचा तो माल धरला तर नववा तास कसाबसा स्वतःचं पोट भरत होता. पुढचे तीन तास शेडचंच खात होते.

नानांनी दोनदा बेरीज करून पाहिली. व्यापारी माणूस, बेरजेशी भांडत नाही.

"बरं," ते म्हणाले. "नऊ तास. मागणी वाढली तं संध्याकाळी दुसरी टोळी लावू. पन दीपमाला, तासाले नऊ खोक्यांची बाई मी कोण्या खात्यावर ठेवू? उद्या सगळ्याच म्हणतीन, आम्हाले बी ठेवा."

दीपमाला बेरजेचा कागद उलटसुलट पाहू लागली. धनीबाई बाहेर हौदावर होती, आणि तिला ठाऊक होतं की आत तिचंच बोलणं चाललं आहे. मी खिडकीशी उभा होतो. माझ्याकडे शंभर गोष्टी होत्या आणि एकही कामाची नव्हती.

"आबा," दीपमाला म्हणाली, "तुमची वही आणा."

ती पानं उलटत बसली. का, ते तिलाही नक्की सांगता आलं नसतं. मे महिन्याच्या पानावर तिचं बोट थांबलं. चौदा आणि पंधरा तारखेला धनीबाई गैरहजर, बहिणीच्या नातीचं लग्न. त्याच दोन दिवसांचे माझे शेरे होते. चौदा: ललिता, डाव्या हाताला सुरी लागली, चार वाजता. पंधरा: भिकुबाई हौदाशी भोवळ येऊन पडली, साडेपाच. मंदाबाई आणि ललिता यांच्यात बाचाबाची, कारण कळले नाही.

तिने लॅपटॉपवर त्या दोन दिवसांचं टेबल काढलं. सहाच्या जागी पाच बायका, म्हणजे नव्वदच्या जागी पंचाहत्तर तरी हवीत. धनीबाईचे हात संथ, तेव्हा ऐंशीही झाली असती. झाली होती पहिल्या आठ तासांत सरासरी सत्तावन्न आणि एकोणसाठ.

"ती काय करते, आबा?"

तेव्हा मला सांगता आलं, आणि ते सांगताना मला काही जोडावं लागलं नाही. लाह्यात एक जुनं माणूस ओळीच्या टोकाला असतं. त्याची नजर पिकावर नसते, कापणाऱ्यांवर असते. कुणाचा हात जड झाला, कुणाचा पाय पाण्यात बधिर झाला, ते त्याला आधी कळतं आणि तो त्या माणसाला बसवतो. बसलेल्याला वाईट वाटत नाही, कारण सांगणारा स्वतः त्याच ओळीत असतो. धनीबाई दिवसभर तेच करायची. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता, म्हणून लिहिलं नव्हतं.

"योगायोग असन," नाना म्हणाले.

"असेलही," दीपमाला म्हणाली. "दोन दिवसांवरून काही सिद्ध होत नाही. पण तसले दोन दिवस मला परत नको आहेत."

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आन् तुझ्या त्या पुस्तकात तिची किंमत काय लिहिशीन?"

"जागा मोकळी ठेवली आहे. अजून मोजते आहे."

"ठेव बा. मी तं काही म्हणत नाही." मग खिडकीकडे वळून मला म्हणाले, "तुम्ही काय ऐकून राह्यले? जा, सांगा तिले. जे काय वाढवून सांगायचं ते सांगा."

मी गेलो आणि काहीही वाढवलं नाही. धनीबाईने ऐकलं. फणी पाण्यातून काढली, निथळू दिली, खोक्यात ठेवली. "बरं," एवढंच म्हणाली. ललिताने मात्र तोंड पदरात लपवलं आणि मंदाबाईने तिला, चीक डोळ्यात गेला का गं, असं विचारून सगळ्यांना हसवलं.

पहिल्या तारखेपासून शेड पाचला सुटते. पंधराचा नेम आता बाईला नाही, टेबलाला आहे. होळीनंतर गेलेल्या दोघींना दीपमालाने बोलावणं धाडलं. एक सासरी गेली होती, एक आली. तिला गेटातून आत घेताना मी वहीत वेळ लिहिली आणि माझ्याच अक्षराकडे जरा वेळ पाहत राहिलो. दीपमालाही आता पाचला लॅपटॉप मिटते. न मिटला तर धनीबाई तिथे जाऊन उभी राहते.

सत्काराचं नानांच्या डोक्यातून गेलं नव्हतं, पण धनीबाई त्या दिवशी मुद्दाम आलीच नाही. नारळ आणि शाल ललिताने नेऊन दिली.

मला तिचे आभार मानायचे होते. खोटं मी बोललो, आणि ते निस्तरायला तिने स्वतःची जागा पुढे केली. हे कर्ज कुठल्या पुस्तकात मांडायचं ते दीपमालालाही सांगता आलं नसतं. एक दिवस पाच वाजता, जीपला अजून वेळ होता, तेव्हा मी तिला गाठलं. माणूस सवयीने खोटं बोलत राहिला की खरं बोलताना अडखळतो, तसा मी अडखळलो.

"बाई, तुझे उपकार आहेत माझ्यावर. या सगळ्या पोरींवर आहेत, पण माझ्यावर जास्त."

तिने माझ्याकडे पाहिलं, ती ओळीतल्या माणसाकडे पाहते तसं. मी चार तास उन्हात उभा होतो, ट्रक मोजत.

"आबा, बठ्ठ्यास्नी हजेरी तुम्ही मांडतस," ती म्हणाली. "तुमनी कोन मांडस?"

गिरणीतली तीस वर्षं आणि इथली नऊ, माझं स्वतःचं नाव मी कधीच कुठल्या वहीत लिहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. मी किती वाजता आलो, किती थकलो, याचा शेरा फक्त माझ्या बायकोकडे असायचा.

"कुणीच नाही," मी म्हणालो.

"बसा मंग आते," ती म्हणाली आणि जीपमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी आठला दहा मिनिटं कमी असताना जीप आली. बायका एकेक करून टेबलापुढून गेल्या, मी नावं लिहीत गेलो. धनीबाई शेवटची. तिचं नाव लिहून मी मान वर केली तर ती गेली नव्हती, तिथेच थांबली होती.

"आबा, उनात?" आलात का, असं.

"उनू, बाई, आलो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती रोज विचारते, आणि मी रोज खरं सांगतो.